चौदाव्या पेटीवरचा बाण

संपादकपद मिळालं तर प्रभाकर काठाळेला काय काय मिळणार होतं, ते मी बैठक सुरू व्हायच्या आधीच मनातल्या मनात जमेला धरून ठेवलं होतं. विद्यापीठाच्या निवड समितीपुढे मिरवायला एक बिरूद. दिल्लीच्या परिषदांत पहिल्या रांगेतली खुर्ची. ज्यांनी आजवर त्याचे लेख पाडले त्यांचे लेख आता त्याच्या टेबलावरून जाणार, हे सुख तर वेगळंच. तसा तो माणूस वाईट नव्हता. कोणाला दुखवायचा नाही, आणि कोणाला न दुखवणाऱ्याला या जगात बरंच काही आपोआप मिळत जातं. त्या दिवशी तो नवा सफारी घालून आला होता आणि पेढ्यांचा पुडा स्कूटरच्या डिकीत ठेवलाय, हे शिपायाने मला जिन्यातच सांगितलं होतं.

मला मिळण्यासारखं काय होतं? किल्ली अडकणारं एक लोखंडी कपाट, त्यात वाचायचे राहिलेले लेख, आणि सरांची ती पिशवी.

मध्य भारत भूविज्ञान मंडळाच्या नागपूरच्या दोन खोल्यांतली ही गोष्ट. मंडळाचं त्रैमासिक निघायचं, त्याला सगळे नुसतं 'पत्रिका' म्हणायचे. पत्रिका इंग्रजीत निघायची आणि तिच्यावरची भांडणं मराठीत व्हायची. तिचा जन्म झाल्यापासून प्रा. अच्युत देशकर हे एकच संपादक. मार्च महिन्यात, कूलर अजून माळ्यावरून उतरायचे होते तेव्हा, सर बैठकीत उठले आणि भाषण न करता म्हणाले, "पुढचा अंक रेवती बोंद्रे काढतील."

रेवती बोंद्रे म्हणजे मी. सरांची विद्यार्थिनी, कॉलेजात भूशास्त्र शिकवणारी, आणि त्या खोलीत कोणाच्याही मनात नसलेली उमेदवार.

काठाळे हसतमुखाने म्हणाला, "सर, आनंदच आहे. पण काही निकष वगैरे?"

"आहे ना. प्रभाकर, तू शेवटचं कोणाला 'नाही' म्हटलंस?"

काठाळेने खरोखरच विचार केला. "तशी वेळच येऊ देत नाही मी, सर."

"तेच म्हणतो मी," सर म्हणाले आणि खाली बसले.

खोली हसली. काठाळेही हसला. बैठक संपल्यावर त्याने डिकीतून पुडा काढून आणला आणि सगळ्यांना पेढे वाटले. "आणलेच होते, रेवतीबाई. माझ्या नावाचे खा," असं म्हणून मला दोन दिले. हे काठाळेच करू जाणे.

सरांनी खुंटीवरची पिशवी काढून माझ्या खांद्याला लावली. खाकी कॅनव्हासची, पट्टा दोनदा शिवलेला. या पिशवीची सगळ्या विदर्भाला धास्ती होती. पत्रिकेचा एक अलिखित नियम होता, आणि तो सरांनीच घातलेला: नकार पोस्टाने जात नाही. लेख छापायचा असेल तर साधं कार्ड जायचं. नाकारायचा असेल तर संपादक स्वतः लेखकाच्या घरी जाणार, समोर बसून का नाही ते सांगणार आणि हस्तलिखित त्याच्या हातात देणार. एस.टी.ने यवतमाळ, चंद्रपूर, एकदा तर पार रत्नागिरी. सर म्हणायचे, "माणूस उन्हात वर्षानुवर्षं हातोडी मारतो. त्याला पाकिटातून 'नाही' म्हणायचं?"

त्यामुळे झालं असं की सर पिशवीशिवाय आले तर पाहुणे आणि पिशवीसकट आले तर यमदूत. यवतमाळच्या एका प्राध्यापकाच्या बायकोने फाटकातच पिशवी पाहिली आणि "हे घरी नाहीत" म्हणून सांगितलं. सर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले. दुपार कलायला लागली तेव्हा तो प्राध्यापक स्वतःच्याच न्हाणीघरातून घामाघूम बाहेर आला आणि म्हणाला, "द्या, सर." त्यावर पोटनियम निघाला तो असा की आधी चहा, मग नकार. उपाशीपोटी कोणाला काही ऐकवायचं नाही.

पिशवी खांद्यावर घेऊन मी विचारलं, "सर, पहिला नकार कोणाला द्यावा लागेल, काही अंदाज?"

"ज्याला द्यावासा वाटणार नाही त्याला," सर म्हणाले. तेव्हा मला ते नेहमीच्या सरांच्या बोलण्यासारखंच वाटलं.

माझा पहिला अंक म्हणजे सरांचा गौरव अंक, हे ठरूनच गेलं होतं. आठवड्याभरात सर स्वतः मंडळात आले आणि टंकलिखित कागद माझ्या टेबलावर ठेवले.

"माझाही एक घे. शेवटचा आहे. पण रांगेतून. दोन जणांना तपासायला पाठव, नाव काढून."

"नाव काढलं तरी कळणारच, सर. खैरीचं तळं म्हटलं की दुसरं कोण?"

सर खूष झाले. लपवण्याचा प्रयत्न केला, पण कान लाल व्हायचे त्यांचे.

खैरीचं तळं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याच काठावर घडतं. आपल्या पायाखाली लाव्हाचे थरावर थर आहेत. दोन उद्रेकांच्या मधे कधी कधी मोठा शांततेचा काळ जायचा, तेव्हा लाव्हाच्या पाठीवर तळी साचायची. पुढचा लाव्हा यायचा आणि तळं गाडून टाकायचा. सरांनी तरुणपणी खैरी गावाजवळ खोल बोअर मारून दगडाचे दांडे काढले होते, आम्ही त्यांना कोअर म्हणतो. लाकडी पेट्यांत क्रमाने रचून ठेवायचे आणि वर-खाली कळावं म्हणून पेटीवर बाण रंगवायचा, बाणाचं टोक पाताळाकडे. त्यातली चौदावी पेटी जगप्रसिद्ध, म्हणजे आमच्या जगात. त्या पेटीत तळाशी लाव्हा, त्याच्यावर लाल माती, तिच्यावर एकही जीव नसलेला राखाडी गाळ, आणि त्याच्यावर शंखच शंख, तांदळाच्या दाण्याएवढे, दाटीवाटीने. याचा अर्थ सरांनी लावला तो असा: उद्रेकाने सगळं मेलं, तळं कित्येक काळ ओसाड राहिलं, आणि मग त्यात जीव परतला. 'परतलेलं तळं' हे नाव त्यांचंच. पत्रिकेच्या पहिल्या अंकातला पहिला लेख तो. माझी डॉक्टरेट त्याच शंखांवर. इतर कुठल्याही बोअरमधे तसा क्रम सापडला नव्हता, आणि म्हणूनच आम्हाला तो जास्त मोलाचा वाटायचा. माणसं अशीच असतात.

त्या पेट्यांवरचे निळे बाण कालिंदीकाकूंनी काढलेले. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. लग्नानंतर काही वर्षांनी एका हिवाळ्यात त्या सरांबरोबर बोअरच्या छावणीवर राहायला गेल्या होत्या आणि तिथे त्यांनी पेट्या रंगवल्या. बाणाच्या मागच्या टोकाला त्या एक वळणदार शेपटी काढायच्या, मोरपिसासारखी. भूशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात असा बाण नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला चहाचा कप देताना त्या सांगायच्या, "दगड ह्यांचे, बाण माझे." सर मान हलवायचे. आम्ही हे इतक्या वेळा ऐकलं होतं की काकू 'दगड' म्हणाल्या की उरलेलं आम्हीच पुरं करायचो.

तपासणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर लगेच आलं: छापा, अवश्य छापा. दुसऱ्याने एक साधी मागणी केली. चौदाव्या पेटीतल्या लाल मातीचा आणि तिच्याखालच्या लाव्हाचा सांधा जवळून दिसेल असा फोटो लेखात नाही, तेवढा घालावा.

मी कॉलेजच्या कोअरच्या शेडमधे गेले. पत्र्याखाली भट्टी झाली होती. पेटी ओढून उजेडात घेतली, ओल्या फडक्याने दांडे पुसले. या पेटीसमोर मी माझ्या आयुष्यातली उमेदीची वर्षं उकिडवी बसून काढली होती, पण नेहमी शंखांच्या टोकाला. लाल टोकाशी मला काही काम नव्हतं, आणि कोणालाच नव्हतं. सरांनी लिहूनच ठेवलं होतं की ती जुन्या जमिनीवर चढलेल्या गंजाची लाली आहे.

पुसल्यावर लाली उजळली. भिंग लावलं. गंज असा नसतो. गंज आत मुरत जातो, डाग पाडत. ही लाली एका कडेला गडद होती आणि आत एकसारखी फिकी होत गेली होती, भाकरी तव्याला लागलेल्या बाजूला भाजते तशी. माती भाजली होती. आणि माती भाजायला तवा लागतो. पण खालचा लाव्हा तर तळं साचायच्या कितीतरी आधी थंड झालेला, त्याच्यात कुठली आग? भाजू शकतो तो फक्त वरून येणारा.

मी शेजारचा लाव्हाचा तुकडा पुसला. त्याच्यात बारीक नळ्या होत्या, काडीएवढ्या, एकमेकींना समांतर. लाव्हा ओल्या चिखलावर पसरतो तेव्हा खालची वाफ त्याच्या बुडात शिरते आणि अशा नळ्या करत वर चढते. त्या लाव्हाच्या बुडालाच असतात, माथ्याला कधी नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवते.

म्हणजे हा लाव्हा तळ्याच्या खालचा नव्हता, वरचा होता. पेटी उलटी वाचली गेली होती. बाण उलटा होता.

मी पेटीभोवती अर्धी फेरी मारली आणि दुसऱ्या बाजूने उकिडवी बसले. आता खाली शंखच शंख. त्यांच्यावर ओसाड गाळ. त्याच्यावर आग. तळं जिवंत होतं, मग मेलं, मग गाडलं गेलं. परत काही आलं नव्हतं.

मी काठाळेकडे का गेले कोण जाणे. कदाचित कोणीतरी 'राहू दे' म्हणावं असं वाटत असेल, आणि ते म्हणण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. भूशास्त्र त्याला चांगलं कळायचं, तो फक्त ते वापरायचा नाही. "बाप रे," तो म्हणाला. मग थोडा वेळ चष्मा पुसत राहिला. "छापून टाका, मॅडम."

"चूक आहे हे माहीत असून?"

"गौरव अंक आहे. आहेराचं पाकीट कोणी मांडवात उघडून बघतं काय? सर आता किती दिवसांचे? पुढेमागे कोणी पोरगा शोधून काढेल, तवा सर नसतील. तुम्हाला बोल लागणार नाही, सरांना दुःख होणार नाही. काहून सगळ्यांना त्रास देता?"

"आणि तुम्ही संपादक असता तर?"

"मी असतो तर मी शेडमधे गेलोच नसतो," काठाळे म्हणाला. "म्हणून तर सरांनी मला घेतलं नाही ना." हे त्याने इतकं सरळ सांगितलं की मला त्याच्यावर रागावताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत सरांचा लेख घातला, फोटो घातले, आणि धरमपेठेत गेले.

दार काकूंनी उघडलं. "अगं, काय उन्हातान्हाची आली? डोक्याला रुमाल तरी बांधायचा." आणि मग त्यांची नजर माझ्या खांद्यावर गेली. तो पट्टा त्यांनीच दोनदा शिवलेला. ही पिशवी त्या दारातून आजवर फक्त बाहेर गेली होती. काकू बाजूला झाल्या. "ये," एवढंच म्हणाल्या.

सर कूलरसमोर बनियनवर बसले होते. "कोणाकडे निघालीस? यवतमाळ?"

"इथेच, सर."

वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत होतं. सरांनी हात लांब करून खुर्चीवरचा सदरा घेतला, अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. "कालिंदी," ते आत बघून म्हणाले, "चहा टाक. संपादक आल्यात."

मी म्हटलं, "सर, मी—"

"आधी चहा. नियम मोडायचा नाही." मग स्वतःच थांबले. "पण चहाला वेळ आहे. मला धीर नाही. सांग."

मी तोंडाने काही सांगितलं नाही. फोटो टीपॉयवर मांडले. सरांनी खणातून भिंग काढलं.

"हा गंज आहे."

"नाही, सर."

"गंज आहे, रेवती. मी लिहिलंय."

"कड बघा, सर."

त्यांनी कड बघितली. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, भिंगाकडे बघत होते. ते लाल मातीवरून सरकलं, सांध्यापाशी आलं, लाव्हाच्या तुकड्यावर गेलं आणि तिथे उभं राहिलं. मला माहीत होतं ते कशावर थांबलंय.

"या नळ्या," सर म्हणाले.

"हो."

"हे मला कसं दिसलं नाही? मीच तर शिकवलं तुला, नळ्या बुडाला असतात." जणू माझी बाजू घेऊन स्वतःशीच भांडत होते. मग त्यांनी फोटो हळूच फिरवला, वरची बाजू खाली केली आणि पुन्हा भिंग धरलं. उलट्या फोटोकडे ते फार वेळ बघत होते. मी लेख नाकारायला आले होते. तेवढंच ओझं घेऊन आले होते. त्याच्या पुढचं मी बोलणार नव्हते, अगदी ठरवून आले होते. पण शिकवलेला माणूस आणि शिकवणारा माणूस यांत हाच फरक असतो. मला जिथे पोचायला एक रात्र लागली तिथे ते खुर्चीत बसल्या बसल्या पोचले, आणि मला ते बघावं लागलं.

"मग पहिला लेखही," सर म्हणाले.

मी मान हलवली.

"आणि तुझी डॉक्टरेट?"

"शंख बरोबर आहेत, सर. शंखांची वर्णनं टिकतील. क्रम तेवढा..."

"क्रमच तर होता." ते हसले. "काठाळेला सांगितलंस?"

"हो."

"छापा म्हणाला असेल."

"हो."

"गुणी पोरगा आहे." भिंग त्यांनी मिटलं. "तळं परतलं नाही म्हणजे."

"नाही, सर."

स्वयंपाकघरात भांड्याला पक्कड लागल्याचा आवाज झाला. सरांनी दाराकडे पाहिलं आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला. इतका वेळ ते स्वतःच्या नुकसानीकडे बघत होते. आता त्यांना दुसरं काहीतरी दिसलं होतं. ते पुढे झुकले.

"हळू बोल. बाण."

मला आधी कळलंच नाही.

"बाण तिचे आहेत," ते कुजबुजले. "रेवती, तो हिवाळा... आमचं पहिलं बाळ गेलं होतं. आठव्या महिन्यात. ती घरात नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. म्हणून छावणीवर नेली. हातात ब्रश दिला. म्हटलं, पेट्या रंगव. रंगवता रंगवता एक दिवस तिने त्या शेपट्या काढायला सुरुवात केली." ते थांबले. "ज्या दिवशी मी तिला सांगितलं, कालिंदी, तुझ्या पेटीत तळं परत जिवंत झालंय, त्या रात्री ती पोटभर जेवली."

मी टीपॉयवरच्या फोटोंची चळत नीट लावली.

सर मागे टेकले आणि मोठ्याने, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्या चौदाव्या पेटीवरचा बाण मीच काढला होता. गडबडीत. उलटा काढला. सगळा घोळ माझा."

आत चमचा ढवळायचा थांबला.

काकू ट्रे घेऊन दारात आल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, टीपॉयकडे पाहिलं. फोटोच्या एका कोपऱ्यात पेटीची कड आली होती आणि तिच्यावर निळी, वळणदार शेपटी स्पष्ट दिसत होती.

"त्या दिवशी तू नव्हतीस कामावर," सर त्यांना म्हणाले. "तुला ताप होता. आठवतं?"

काकूंनी ट्रे खाली ठेवला. साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.

"असेल," त्या म्हणाल्या.

चहा आम्ही तिघांनी मिळून प्यायलो. मग मी नियमाप्रमाणे उभी राहिले आणि सरांचा लेख दोन्ही हातांनी त्यांना दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"आता लिहून घे," सर म्हणाले. "पहिल्या लेखाची दुरुस्ती. तुझ्या अंकाच्या पहिल्या पानावर टाक, मागे कुठे कोपऱ्यात नको."

त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी उतरवलं. छोटीच होती. माती भाजलेली आहे, क्रम उलटा आहे, 'परतलेलं तळं' हा निष्कर्ष मागे घेत आहे. आणि शेवटचं वाक्य, ज्याची विज्ञानाला काही गरज नव्हती: सदर पेटीवरील दिशादर्शक बाण मी स्वतः रंगवला होता.

मी पेन थांबवलं. सर माझ्याकडे बघत राहिले. संपादक निवडताना त्यांनी 'नाही' म्हणू शकणारं माणूस शोधलं होतं. त्या क्षणी त्यांना काठाळे हवा होता.

मी वाक्य पूर्ण केलं.

अंक निघाला आणि खळबळ झाली. पत्रिकेच्या संस्थापकाने गौरव अंकाच्या पहिल्याच पानावर स्वतःला खोडलं, हे आमच्या धंद्यात कोणी पाहिलं नव्हतं. कुठून कुठून पत्रं आली, परदेशातून लेख यायला लागले. लोक म्हणायचे, असं संपादन पाहिजे. मला व्याख्यानाला बोलावून 'वैज्ञानिक सचोटी' या विषयावर बोलायला सांगायचे. मी बोलायचे. त्या पानावरचं एक वाक्य साफ खोटं आहे आणि ते संपादकाला छापताना माहीत होतं, हे मी कुठल्या व्याख्यानात सांगितलं नाही.

सर पुन्हा कोअरच्या शेडकडे फिरकले नाहीत. मी जायचे तेव्हा पिशवी घरी ठेवून जायचे. हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. रागावले नव्हते, पण दगडांविषयी माझ्याशी बोलणं त्यांनी सोडलं. पुढच्या थंडीत गेले. काठाळे तेरा दिवस त्यांच्या घरी राबला, सतरंज्या उचलण्यापासून सगळं. मी पाहुण्यासारखी येऊन बसायचे.

काही वर्षांनी माझ्या दोन नव्या विद्यार्थिनी कोअरवर काम करायला लागल्या. त्यांना घेऊन मी धरमपेठेत गेले. काकू थकल्या होत्या, तरी चहा त्यांनीच केला. कप हातात घेता घेता एक मुलगी म्हणाली, "आजी, खैरीच्या पेट्यांवर ते शेपटीवाले निळे बाण आहेत ना, किती सुंदर आहेत. कोणी काढलेत?"

माझ्या ओठांवर ते वाक्य आलंच होतं. दगड ह्यांचे.

काकूंनी बशी पुसली. "सगळं ह्यांचंच गं," त्या म्हणाल्या. "मी आपली चहा करायचे."

मुली खाली उतरल्या. मी चप्पल घालता घालता दारात थांबले. "काकू, तो ताप..."

"मला कुठला ताप? त्या हिवाळ्यात मी एक दिवस घरी बसले नाही." त्या दाराच्या कडीला धरून उभ्या होत्या. "ह्यांना वाटलं मला कळलं नाही. म्हटलं, वाटू दे. शेवटी शेवटी एवढीच एक गोष्ट द्यायची होती त्यांना मला."

"पण बाकीच्या पेट्या तर तुमच्याच होत्या. त्या बरोबर आहेत, काकू. एकूण एक."

"छापलंय ना तुम्ही, बाण ह्यांनी रंगवला म्हणून? तशीच शेपटी आहे सगळ्यांवर." त्या हसल्या, जरासं. "एक त्यांनी घेतला, रेवती. मग बाकीचे मी कोणत्या तोंडाने मागू?"

खाली मुली हाका मारत होत्या. मी जिना उतरले.

आता हिशेब मांडते. काठाळे मंडळाचा अध्यक्ष झाला, आणि चांगला अध्यक्ष झाला. पत्रिकेला नाव मिळालं. मला खुर्ची मिळाली, सचोटीबद्दल एक ताम्रपट मिळाला, आणि सर गेले ते मला अंतरून गेले. सरांनी आपलं आयुष्यभराचं तळं दिलं, आणि वर बायकोची चूक आपल्या नावावर घेतली, कारण त्यांना वाटलं की एवढं दिलं म्हणजे सगळं फिटलं. फिटलं नव्हतं. छावणीवरच्या त्या हिवाळ्यातून काकूंनी घरी आणलेली एकच गोष्ट होती, चार माणसांत म्हणायचे चार शब्द. ते त्यांनी बशी पुसता पुसता देऊन टाकले.